डेपोच्या गॅसचा हिशेब: माझा अनुभव

कोकणपट्टीतल्या एका शहराच्या कचरा डेपोतून वर्षाला किती मिथेन निघतो हे काढताना सर्वांत जास्त वेळ वजनकाट्याच्या नोंदी लावण्यात गेला. जुन्या वर्षांच्या वह्यांत नुसत्या गाड्यांच्या खेपा असतात आणि त्यांत राडारोडाही मोजलेला असतो. राडारोड्यातून मिथेन येत नाही. तो आधी वजा करा, नाहीतर पुढचं सगळं गणित फुगतं. कागद-पुठ्ठ्याचं प्रमाण परदेशी तक्त्यातून उचलू नका. आपल्याकडे त्यातला बराचसा माल कचरावेचक आधीच काढून घेतात. गाडीतला कचरा ताडपत्रीवर ओतून, हाताने निवडून, तोलूनच टक्केवारी ठरवावी.

पद्धत आयपीसीची (संयुक्त राष्ट्रांची हवामानबदल समिती), २००६ची. एक टन अन्नकचरा घ्या. त्यात कुजण्याजोगा कार्बन १५ टक्के, त्यातला निम्माच खरोखर कुजतो. पाच मीटरहून उंच, नुसत्या रचलेल्या ढिगाला ०.८ हा गुणक, कारण वरच्या थरात हवा शिरते. गॅसमध्ये मिथेन निम्मा. शेवटी कार्बनच्या वजनावरून मिथेनचं वजन काढायला १६/१२ने गुणा: टनाला ४० किलो मिथेन.

आता वेग. हजार मिलिमीटरवर पाऊस पडणाऱ्या उष्ण भागात अन्नकचऱ्याचा क्षयदर (वर्षाला कुजण्याचा वेग) ०.४, म्हणजे पावणेदोन वर्षांत निम्मा गॅस निघून जातो. पर्जन्यछायेतल्या शहराला हाच दर ०.०८५, तिथे निम्म्याला आठ वर्षं लागतात. मला यातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. कोकणात डेपो बंद करून पाच वर्षांनी गॅस ओढून घ्यायच्या विहिरी खोदल्या, तर अन्नकचऱ्याचा बहुतेक मिथेन तोवर हवेत गेलेला असतो. भरलेल्या भागात लगेच विहिरी घ्या.

विहिरीत छिद्रांचा एचडीपीई (टणक प्लास्टिक) पाइप टाकून भोवती काळ्या दगडाची खडी भरावी. चुनखडी आम्लयुक्त लीचेटमध्ये, म्हणजे कचऱ्यातून झिरपणाऱ्या घाण पाण्यात, विरघळते. वरचे तीन-चार मीटर पाइप बिनछिद्राचा आणि त्याभोवती बेंटोनाइटचा (पाण्याने फुगणाऱ्या मातीचा) बूच. आमच्या एका विहिरीत हा बूच तोकडा पडला आणि पंप लावताच मीटरवर ऑक्सिजन चढू लागला. ऑक्सिजन दोन-तीन टक्क्यांवर गेला की झडप थोडी आवळायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं. जास्त गॅस मिळेल म्हणून ओढ वाढवली, तर हवा आत शिरते, मिथेन बनवणारे जिवाणू मरतात आणि ढीग आतून पेटू शकतो. जानेवारी २०१६मध्ये मुंबईचा देवनार डेपो पेटला तेव्हा धूर शहरभर पसरला होता. डेपोची आग काय असते हे मुंबईकरांना सांगायला नको.

पावसाळ्यात वेगळीच पंचाईत. लीचेट चढून छिद्रं बुडतात आणि गॅस अचानक कमी दिसतो. ढीग खचला की आडव्या पाइपला पोट येतं, त्यात पाणी साचतं. झडपेपाशी कान लावला की गुडगुड ऐकू येते आणि दाबमापकाचा काटा थरथरतो. अशा वेळी आकडेमोड बदलू नका. आधी पाइपचा उतार शंभर मीटरला निदान तीन मीटर करून घ्या, सखल जागी पाणी काढायचं भांडं बसवा, विहिरीतलं लीचेट उपसा आणि मग मोजा.