कीबोर्ड दुरुस्तीची नोंद: मुकी ‘पी’, दुहेरी ‘एन’ आणि न दाबलेला ‘ए’

हाती घेतलेला कीबोर्ड जुना, मेकॅनिकल, हॉट-स्वॅप सॉकेटचा (कळीखालचा स्विच टाका न लावता उपसता-बसवता येणारा) असून त्यावर क्यूएमके फर्मवेअर (कीबोर्डच्या कंट्रोलरमध्ये चालणारी प्रणाली) आहे. तक्रारी तीन होत्या: ‘पी’ अजिबात उमटत नव्हती, ‘एन’ अधूनमधून दोनदा उमटत होती आणि वेगाने टंकन करताना मध्येच न दाबलेला ‘ए’ येत होता. पहिल्या दोन तक्रारी नेहमीच्याच आहेत. तिसरीत मात्र खरा वेळ गेला आणि ही नोंद मुख्यतः तिच्याविषयी आहे.

पीसीबी (स्विच व इतर भाग बसवलेली सर्किटची पाटी) उघडण्यापूर्वी दोष कीबोर्डचाच आहे ना, एवढे पाहून घेतले. दुसरी डेटा केबल आणि दुसरा संगणक लावूनही लक्षणे तीच राहिली. विंडोजमध्ये उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की फिल्टर कीज (झटपट किंवा पुनःपुन्हा दाबलेल्या कळांकडे दुर्लक्ष करणारी सोय) सुरू करण्याची विचारणा होते, आणि ती सोय नकळत सुरू राहिली तर चांगला कीबोर्डही आजारी वाटू लागतो. तीही बंद असल्याची खात्री केली. आणखी एक गोष्ट नव्या मंडळींसाठी नमूद करतो. यूएसबीच्या बूट प्रोटोकॉलमधील (कीबोर्डने संगणकाला कळा कळवण्याच्या साध्या पद्धतीतील) अहवाल आठ बाइटचा असतो. त्यात एक बाइट शिफ्ट-कंट्रोलसारख्या कळांसाठी, एक राखीव आणि उरलेले सहा बाइट सहा कळांसाठी असतात. त्यामुळे एन-की रोलओव्हर (कितीही कळा एकत्र ओळखण्याची सोय) बंद असताना सातवी कळ उमटली नाही, तर तो बिघाड समजू नये.

‘पी’चे काम लवकर उरकले. एकटीच कळ मुकी असेल तर संशय स्विच, सॉकेट किंवा डायोडवर (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागावर) जातो. संपूर्ण ओळ किंवा स्तंभ गेला असेल तर पीसीबीवरचा मार्ग किंवा कंट्रोलरची पिन तपासावी लागते. येथे चिमट्याने सॉकेटची दोन टोके जोडताच ‘पी’ पडद्यावर उमटली, म्हणजे सॉकेटपासून पुढचे सगळे ठीक होते. स्विच उपसून पाहिला तेव्हा त्याची एक पिन सॉकेटच्या छिद्रात न शिरता स्विचच्या बुडाशी दुमडलेली दिसली. ती सपाट पकडीने सरळ केली आणि स्विच अगदी उभा धरून बसवला.

‘एन’साठी लिनक्सवर ईव्हीटेस्ट (कळांच्या नोंदी दाखवणारे साधन) चालवून प्रत्येक घटनेची वेळ पाहिली. एकदाच दाबलेल्या कळीची नोंद दाबली, सुटली, पुन्हा दाबली अशी होत होती आणि सुटणे व पुन्हा दाबणे यांत जेमतेम दहा-बारा मिलिसेकंदांचे अंतर पडत होते. बोटाने मुद्दाम दोनदा दाबताना अंतर इतके कमी पडत नाही. ‘एन’ आणि ‘बी’ यांच्या स्विचची अदलाबदल केल्यावर ‘बी’ दुहेरी उमटू लागली, त्यामुळे दोष स्विचमध्ये आहे हे निश्चित झाले. क्यूएमकेमध्ये डिबाउन्सची (स्विचच्या संपर्काची थरथर गाळण्याची) मूळ मर्यादा ५ मिलिसेकंद असते आणि ती १५ पर्यंत वाढवली असती तर लक्षण नाहीसे झाले असते. परंतु मूळ पद्धतीत स्थिती स्थिरावेपर्यंत नोंदच होत नसल्याने एका झिजलेल्या स्विचपायी सगळ्याच कळांना विलंब सोसावा लागतो. हा उपाय मला पटत नाही. स्विच सरळ बदलला.

आता तो ‘ए’. कळा एकेक करून दाबल्या की सर्व चाचण्या निर्दोष येत, म्हणून तीन-तीन कळा एकत्र दाबून पाहिल्या. ‘क्यू’, ‘डब्ल्यू’ आणि ‘एस’ दाबून धरल्यावर ‘ए’ उमटला. ‘डब्ल्यू’, ‘ई’ आणि ‘एस’ धरल्यावर ‘डी’ उमटला. मात्र ‘ए’, ‘एस’ आणि ‘डब्ल्यू’ धरल्यावर ‘क्यू’ आला नाही. दोष दिसणाऱ्या प्रत्येक जोडणीत ‘डब्ल्यू’ होती, परंतु केवळ ती असणे पुरेसे नव्हते; तिच्या ओळीतील एक आणि तिच्या स्तंभातील एक कळ सोबत लागत होती.

याचा उलगडा मॅट्रिक्समध्ये, म्हणजे कळा जोडणाऱ्या ओळी-स्तंभांच्या जाळीत आहे. या पीसीबीवर प्रवाह स्तंभाकडून स्विच आणि डायोड यांतून ओळीकडे जातो. ‘ए’ची ओळ तपासली जात असताना ‘क्यू’च्या स्तंभातून निघालेला प्रवाह ‘क्यू’मधून वरच्या ओळीत येतो, तेथून ‘डब्ल्यू’मधून उलट्या दिशेने पुढच्या स्तंभात जातो आणि ‘एस’मधून खालच्या ओळीत उतरतो, कंट्रोलरला मात्र ‘ए’च दाबल्याचे भासते. हा उलटा प्रवास रोखणे हेच ‘डब्ल्यू’च्या डायोडचे काम. म्हणूनच भूत (न दाबताच उमटणारे अक्षर) दिसते त्या कळीचा डायोड तपासून काहीही हाती लागत नाही. दोषी डायोड चौकोनात तिच्या तिरप्या समोरच्या कळीचा असतो.

कोणतीही कळ दाबलेली नसताना स्विच उघडा असल्यामुळे डायोड पीसीबीवरच मोजता येतो. मल्टिमीटरच्या डायोड मोडवर शेजारचे डायोड एका दिशेने ०.६ व्होल्टच्या आसपास दाखवत होते आणि दुसऱ्या दिशेने काहीच नाही. ‘डब्ल्यू’चा डायोड दोन्ही दिशांनी जवळपास शून्य दाखवत होता. भिंगातून पाहिले तेव्हा टाक्याचा पूल (जास्तीच्या टाक्याने दोन टोके जोडली जाणे) झालेला नव्हता आणि डायोड उतरवून मोजल्यावरही शून्यच आले. त्या जागी १एन४१४८ जातीचा नवा डायोड शेजाऱ्यांप्रमाणेच पट्टी (दिशा दाखवणारी खूण) ठेवून बसवला. पट्टी उलटी पडली असती तर ‘डब्ल्यू’ मुकी झाली असती आणि उलटा प्रवाहही रोखला गेला नसता.

आता ‘डब्ल्यू’भोवतीच्या सर्व जोडण्या स्वच्छ येत आहेत. उरलेले डायोडही ओळीने मोजून घेतले; त्यांत दोष आढळला नाही. स्पेसबारचा स्टॅबिलायझर (लांब कळ समतोल ठेवणारा तारेचा भाग) डाव्या टोकाला खडखडतो, त्याची तार काढून काचेवर ठेवून सरळ आहे का ते पाहणे आणि मग वंगण देणे, एवढे काम शिल्लक आहे.