पंधरा डब्यांचा फोन

जुन्या फोनची बॅटरी फुगली. मागचं झाकण पुरीसारखं टम्म वर आलं, तेव्हा चिरंजीवांनी पुण्याहून फर्मान काढलं, ‘आई, आजच्या आज बदल. आणि आता फोरजी उचलून आणू नकोस, प्लीज!’ त्या ‘प्लीज’मध्ये अशी काळजी होती, की मी जणू रॉकेलचा स्टोव्हच आणायला निघाले होते.

मुलुंड पूर्वेला स्टेशनजवळच्या दुकानात गेले. काउंटरवरचा पोरगा आधी ‘मॅडम’ म्हणत होता. दहा हजारांच्या आतलं दाखव म्हटल्यावर मी ‘काकू’ झाले. त्यानं दोन फोन पुढ्यात ठेवले. दिसायला जुळी भावंडं. एक आठ हजारांचा फोरजी, दुसरा अकरा हजारांचा फाइव्हजी.

‘तीन हजार कशाचे रे?’

‘स्पीडचे, काकू.’

एवढं बोलून तो स्वतःचा फोन घेऊन दुकानाच्या दारात गेला आणि त्यानं स्पीड टेस्ट लावली. काटा गरगर फिरला आणि ४१२वर जाऊन थांबला. पोराचे दहावीचे मार्क दाखवावेत तसा त्यानं स्क्रीन माझ्या तोंडासमोर धरला. मीही ‘अरे वा’ म्हटलं. मार्क दाखवल्यावर तेच म्हणायचं असतं.

पण मनात हिशेब सुरू झाला होता. या ४१२ एमबीपीएसचं मी करू काय? लखलखीत एचडी सिनेमा बघायलासुद्धा पाचेक पुरतात, आणि मी सिनेमा बघते तो घरच्या टीव्हीवर. माझा फोन दिवसभर करतो काय? चार गुलाब आणि दोन गणपती ‘सुप्रभात’सह इकडून तिकडे जातात. गाडी बघायला एम-इंडिकेटर हे अ‍ॅप, त्याचं वेळापत्रक तर नेट नसतानाही दिसतं. भाजीवाल्याला यूपीआयनं साठ रुपये. त्या साठ रुपयांना जेवढा डेटा लागतो, त्याहून जास्त एका गुलाबाला लागत असेल. पैसे जाताना ते चक्र फिरत राहतं, मागचे लोक चुळबुळतात आणि आपण नेटवर्कला शिव्या घालतो, तेव्हा बऱ्याचदा अडलेलं असतं ते बँकेच्या सर्व्हरवर. तिथे फाइव्हजी काय करणार, कपाळ!

आठ हजारांचाच घ्यायचा, असं जवळजवळ ठरलं होतं. मग मला दादरचा पूल आठवला.

संध्याकाळी साडेसहाला दादरच्या मोठ्या पुलावर मी रोज मध्य रेल्वेकडे वळते. वळते म्हणजे वळवली जाते. पिशवी पुढे, पर्स काखेत, एक कोपर कुणाच्या तरी बरगडीत. तिथे उभं राहून ‘उशीर होईल, कुकर लावा’ एवढा निरोप पाठवायचा असतो. नेटवर्कच्या दांड्या सगळ्या भरलेल्या आणि निरोपाशेजारी ते छोटं घड्याळ तसंच. कुर्ला गेलं तरी घड्याळच. घाटकोपरला कधी एक टिक येते. तोवर घरी ह्यांनी मॅगी करून खाल्लेली असते.

दांड्या भरलेल्या असून नेट का नाही, हे मला माझ्या भाच्यानं समजावलं. तो याच धंद्यात आहे. दांड्या सांगतात टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती ठणठणीत पोचतोय. त्या टॉवरला आत्ता किती जण लोंबकळलेत, हे दांड्या सांगत नाहीत. ‘मावशी, इंडिकेटरवर गाडी लागलीय म्हणजे आत शिरायला मिळेलच असं असतं का?’ मुंबईच्या बाईला याहून जास्त समजावावं लागत नाही.

मग म्हणे निरोप ज्या लहरींवरून जातात, त्यांचा पट्टा जितका रुंद, तितके जास्त जण एका वेळी मावतात. फोरजीचा एक पट्टा असतो जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्झ रुंद. २०२२मध्ये या पट्ट्यांचा लिलाव झाला, त्यात मोठ्या कंपन्यांनी फाइव्हजीसाठी ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपास सलग १०० मेगाहर्ट्झचा पट्टा घेतला. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला सेवा सुरू झाली आणि पहिल्या शहरांत मुंबई होतीच. म्हणजे गाडी जोरात पळते हा भाग जाहिरातवाल्यांचा. माझ्या कामाचा भाग एवढाच, की डबे वाढले. पश्चिम रेल्वेवर २००९मध्ये पंधरा डब्यांची लोकल आली, ती बारा डब्यांच्या गाडीपेक्षा काही लवकर विरारला पोचत नव्हती. तिच्यात पाय ठेवायला जागा होती, इतकंच. (पहिले काही महिने. नंतर काय झालं ते विरारकरांना विचारा.)

पण पंधरा डब्यांच्या गाडीला फलाटही तेवढा लांब लागतो. नसेल तर ती थांबत नाही, तुमच्यासमोरून धडधडत निघून जाते. फोन म्हणजे तो फलाट. पेटीच्या मागे मुंगीच्या अक्षरांत ‘एन७८’ लिहिलेलं असतं, तो आपल्याकडच्या ३३००च्या पट्ट्याचा नंबर. आठ हजारांच्या फोनवर तो नव्हता.

उलटंही होतं म्हणा. २००७चा पहिला आयफोन थ्रीजीशिवाय आला आणि तरी लोकांनी रांगा लावल्या. पुढच्या वर्षी ‘आयफोन थ्रीजी’ नाव मिरवत भारतात आला, तेव्हा आपल्याकडे थ्रीजी सुरूच झालेलं नव्हतं. खासगी कंपन्यांसाठी लिलाव झाला तो २०१०मध्ये. लांबलचक फलाट आणि गाडीचा पत्ता नाही!

तर मी अकरा हजारांचा घेतला. पोरगा खूश झाला, मी पुन्हा ‘मॅडम’ झाले.

पुलावरचा निरोप आता बहुतेक वेळा पुलावरच जातो. कुकर लागतो. मॅगी बंद झाली म्हणून ह्यांचा फाइव्हजीवर राग आहे.

पण घरात वेगळंच नाटक. आमची इमारत जुनी, भिंती जाडजूड, खिडक्यांना लोखंडी ग्रिल. आणि लहरी जितक्या वरच्या पट्टीच्या (हा ३३००चा पट्टा तसाच), तितक्या भिंतीला लवकर हार खातात. त्यामुळे स्वयंपाकघराच्या खिडकीत फाइव्हजी, हॉलमध्ये फोरजी, आतल्या खोलीत एक दांडी आणि मोरीशी काहीच नाही. नवा फोन खिडकीत, साखरेच्या डब्याला टेकवून उभा असतो. मुलाचा व्हिडिओ कॉल आला की मी ओट्याशी उभी राहून बोलते. जरा सरकले की त्याचं तोंड उघडं राहतं आणि तसंच राहतं. ‘आई, खिडकीत जा,’ असं तो सांगत असावा. मला ते खिडकीत गेल्यावर ऐकू येतं.

सासूबाईंकडे बटणांचा फोन आहे. टूजी. एअरटेलनं २०२०च्या सुमारास थ्रीजी गुंडाळलं आणि टूजी चालू ठेवलं. मधल्या पिढीचीच गठडी वळायची, ही रीत तिकडेही दिसते. म्हाताऱ्या माणसांना आणि बटणांच्या फोनांना मात्र कुणी हात लावत नाही.

परवा मुलगा मला त्याच्या नव्या घराचा हॉल दाखवत होता. पडद्याचा रंग सांगता सांगता गोठला. मी फोन घेऊन ग्रिलपाशी, मग ग्रिलबाहेर हात काढून उभी. आणि आतल्या खोलीतून, अगदी मोरीच्या दाराशी असलेल्या पलंगावरून, उशीखालचा फोन खणखणला. चिपळूणहून त्यांच्या धाकट्या जाऊबाई. सासूबाई अर्धा तास बोलल्या. कोकमं, गुडघे, कुणाचं तरी लग्न. एकदाही ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ म्हणाल्या नाहीत.

फोन ठेवून बाहेर आल्या, तेव्हा माझा हात अजून ग्रिलबाहेरच होता.

‘पाऊस बघत्येस होय?’ म्हणाल्या.