बुडबुडे थांबले तेव्हा

छातीच्या सर्जरीच्या वॉर्डात नातेवाइकांना खरी धास्ती असते ती पलंगाखालच्या बाटलीची. ड्रेनची, म्हणजे छातीतली हवा बाहेर काढणारी नळी बाटलीतल्या पाण्यात बुडलेली असते आणि पेशंट खोकलला की बुडबुडे येतात.

नागपुरात धंतोलीतल्या आमच्या हॉस्पिटलात तेव्हा तुमसरकडचे एक काका होते. आयुष्यभर बिडी, मग एम्फिसीमा, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या फाटून फुगण्याचा आजार. उजव्या फुप्फुसाचा फुगून निकामी झालेला वरचा भाग सरांनी स्टेपलरने कापून काढला होता. तेवढी जागा मोकळी झाली की खालच्या बऱ्या भागाला पसरता येतं, श्वासपटलही नीट हलतं.

राउंडला सरांनी मुलाला समजावलं, "हवा गळणारच. फुप्फुस जुन्या धोतरासारखं विरलंय. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत या ऑपरेशननंतर ९० टक्के लोकांना गळती झाली होती." मुलाने मान डोलावली. प्रश्न न विचारता मान डोलावणाऱ्यांचीच मला जास्त काळजी वाटते.

दुपारी बेल वाजली. काकांचा गळा, गाल सुजलेले, डोळे जेमतेम उघडे, आवाज गेंगाणा. गळ्याखाली बोटं दाबली तर कातडीखाली कुरकुर लागली. हवा आत भरत होती. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, ८२ टक्क्यांवर उतरलेलं. खाली पाहिलं तर सकाळी खदखदणारी बाटली गप्प. काकांना खोकायला लावलं, तरी बुडबुडा नाही. नळीतलं पाणी श्वासाबरोबर वरखालीही होईना. नळीवरून हात फिरवत गेले तर चादरीखाली ती दुमडून वर रुमालाची गाठ मारलेली.

गाठ सोडली आणि बाटली भडभडली. सरांना फोन करता करता मुलाकडे पाहिलं.

"बाबाची हवा निघून राहिली होती जी सिस्टर. पाहवत नव्हतं."

मी भडकलेच. छातीत कोंडलेली हवा फुप्फुसाला आणि हृदयालाही दाबते, माणूस जातो, हे त्याला तिथंच ऐकवलं. एक्स-रेत फुप्फुस थोडं बसलेलं होतं. सरांनी नळीला सक्शन, म्हणजे हवा ओढून घेणारं यंत्र, मात्र लावलं नाही. त्या ओढीने विरलेल्या जागची भोकं उघडीच राहतात. सूज उतरायला आठवडा गेला.

पुढे एका पहाटे मुलगा धावत आला, "सिस्टर, बंद पडले जी! म्या हात नाही लावला!"

नळी तपासली, मोकळी होती. काकांना खोकायला लावलं. बुडबुडा नाही, पण नळीतलं पाणी श्वासागणिक वरखाली होत होतं. गळती थांबली होती. दुसऱ्या दिवशी एक्स-रे पाहून सरांनी ड्रेन काढला.