परळ ते खारघर: सप्टेंबर राइडची अर्ध्या वाटेवरची नोंद

टाटा मेमोरियलचं परळचं रुग्णालय ते त्यांचंच खारघरचं संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक, हा माझा या सप्टेंबरचा मार्ग. सप्टेंबर हा बालकर्करोग जागृतीचा महिना, म्हणून सायकलने 500 किलोमीटरचा संकल्प केला. ओळखीच्यांनी किलोमीटरमागे जमेल तेवढी रक्कम बालकर्करोगाच्या संशोधनाला द्यायची. निम्म्याहून जास्त अंतर झालंय. पाय साथ देतायत, पैसे मात्र मागे पडलेत.

आधी रस्ता. पहाटे अंधारातच निघते. दादर टीटी, सायन, चेंबूर, मानखुर्द, वाशीचा पूल, पाम बीच रोड, बेलापूर, खारघर. रात्रभर पाऊस कोसळला असेल तर हिंदमाता आणि गांधी मार्केटचं पाणी उतरल्याशिवाय घर सोडत नाही, पाण्याखालचा खड्डा दिसत नाही. पुलावरचे लोखंडी सांधे ओले असताना सरळ ओलांडा, त्यावर ब्रेक नको आणि वळणही नको. 32 मिमी रुंदीच्या टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवलीय, पकड लगेच सुधारली. चेनला पावसाळी ल्यूब (वंगण), आणि प्रत्येक राइडनंतर पुसणं आलंच. चिखलाच्या कचीने डिस्क ब्रेकचे पॅड फार लवकर झिजतात, एक जोडी जवळ असू द्या. जाताना पश्चिमेचा वारा पाठीशी असतो. येताना तोच वाशीच्या पुलावर छातीवर येतो, त्यामुळे दम परतीसाठी राखून ठेवते.

आता पैशांचं. आमच्या इमारतीतले एक काका म्हणाले, "अगं, संशोधनाला कशाला? एखाद्या पोराच्या औषधाला दे ना." परळच्या फुटपाथवर उपचारासाठी गावाकडून आलेली कुटुंबं पहाटे रोज दिसतात, त्यामुळे त्यांचं म्हणणं मला पटतं. औषधालाही द्यावंच. पण ते औषध आलं कुठून? 1947-48 मध्ये बॉस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, 16 मुलांवर अमिनोप्टेरिन हे औषध वापरून पाहिलं, 10 जणांचा आजार काही काळ मागे हटला. ते औषध आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव या शास्त्रज्ञाच्या चमूने तयार केलं होतं. त्याचंच भावंड मेथोट्रेक्सेट आजही मुलांना दिलं जातं. अंगणातल्या सदाफुलीतून मिळालेलं व्हिन्क्रिस्टिन हे औषधही तसंच. कुणीतरी आधी प्रयोगाला पैसे दिले म्हणून हे झालं. काकांना एवढं सांगितलं, तर त्यांनी किलोमीटरमागे पाच रुपये लिहिले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार श्रीमंत देशांत कर्करोग झालेली 80 टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात, कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत 30 टक्क्यांहून कमी. ही दरी फक्त औषध विकत घेऊन भरत नाही. आपल्या मुलांची पोषणाची स्थिती, त्यांना होणारे जंतुसंसर्ग, उपचार अर्ध्यावर सुटण्याची कारणं यांचा अभ्यास इथेच व्हायला हवा. भारतातल्या कर्करोग केंद्रांनी मिळून आयसिकल ही ल्युकेमियावरच्या उपचारांची चाचणी (क्लिनिकल ट्रायल) हाती घेतली ती यासाठीच: प्रत्येक मुलाचा धोका पाहून उपचार बेतायचे, गरज नसताना जास्त मारा करायचा नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या सहकार्यातून आलेल्या नेक्सकार19 या कार-टी उपचाराला (यात रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून कर्करोगावर सोडतात) ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी मिळाली, पण 15 वर्षं आणि त्यावरील रुग्णांसाठी. सहा वर्षांच्या पोरासाठी वेगळ्या चाचण्या लागतात, आणि चाचणीला पैसा लागतो. मला सगळ्यात आतून ढकलणारी गोष्ट हीच आहे.

व्यवहार साधा ठेवलाय. माझ्या खात्यात एक रुपयाही घेत नाही. देणगीदार थेट रुग्णालयाला देतात, उद्देश बालकर्करोग संशोधन असा स्पष्ट कळवतात आणि 80जी ची (आयकर सवलतीची) पावती स्वतःच्या नावाने घेतात. मी फक्त राइडची नोंद पाठवते. तुमच्यापैकी कुणी असं काही करणार असाल तर हीच पद्धत ठेवा, हिशेबाचा प्रश्नच उरत नाही आणि लोक निर्धास्तपणे देतात. कंपनीतल्या ओळखीच्यांनाही जरूर विचारा, काही कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीएवढीच भर घालतात.

गणपतीत लालबाग-परळच्या गर्दीत सायकल काढण्यात अर्थ नाही, तेवढे दिवस गोरेगावच्या आरे कॉलनीत चढ मारून किलोमीटर भरते. महिन्याच्या शेवटच्या रविवारी पुन्हा परळहून खारघर. सोबत येणाऱ्यांनी मागचा लाल दिवा आणि जादा ट्यूब आणा, आणि प्रत्येकाने निदान एक तरी नवा देणगीदार जोडून या.