लेकीचा कॉलेजचा अर्ज आणि आमचा सातबारा

नणंदेने भावासाठी 2004 मध्ये केलेला ग्रीन कार्डाचा अर्ज 2018 मध्ये मंजूर झाला आणि आम्ही कराडहून न्यू जर्सीत एडिसनला आलो. थोरली तेव्हा 12 वर्षांची, मराठी शाळेतून एकदम इंग्रजी शाळेत. हे ओक ट्री रोडवरच्या एका किराणा दुकानात लागले, मी घरून डबे आणि पोळ्या करून देऊ लागले. आसपासची मराठी घरं बहुतेक आयटीतली. हळदीकुंकवाला मुलांच्या कॉलेजचा विषय निघाला की मी नुसती ऐकत बसायचे. इथल्या नावाजलेल्या खासगी कॉलेजचा वर्षाचा खर्च 80,000 डॉलरच्या वर, आणि आमची दोघांची कमाई मिळून त्याच्या निम्मी.

क्वेस्टब्रिजचं नाव लेकीनेच काढलं, अकरावीत असताना. हुशार पण घरची परिस्थिती बेताची असलेली मुलं आणि मोठी कॉलेजं यांची गाठ घालून देणारी ही संस्था. चार माणसांच्या घराचं उत्पन्न साधारण 65,000 डॉलरच्या आत हवं. अर्जाला फी नाही. इथल्या हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या मुलाला नागरिकत्वाची अटही नाही. जुळलं, तर चारही वर्षांची फी, राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं मिळतं. मला आधी खरंच वाटेना. शाळेतल्या काउन्सेलर बाईंनाही फारशी माहिती नव्हती. लेकीने त्यांना आणि दोन शिक्षकांना शिफारसपत्रांसाठी उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच गाठून ठेवलं, ते फार बरं झालं. अर्ज सप्टेंबरअखेर द्यायचा असतो, आणि शाळा इथे सप्टेंबरातच उघडते.

त्या वर्षी अर्जात 800 शब्दांपर्यंतचा एक निबंध होता, स्वतःबद्दलचा. एके रात्री कणीक मळताना तिने तो मला मराठीत सांगत सांगत वाचून दाखवला. डब्यांच्या झाकणांवर मी पांढरी चिकटपट्टी लावून बिल्डिंग आणि फ्लॅटचा नंबर लिहिते. पहिल्या वर्षी मला इंग्रजी आकडे पटकन सुचत नसत, म्हणून मी मराठीत लिहायचे आणि ती शाळेतून आल्यावर शेजारी इंग्रजीत लिहायची. नेमकं तेच तिने लिहिलं होतं. चार आणि आठ उलटसुलट होऊन एकदा दोन घरांचे डबे बदलले, तेही. मी म्हटलं, "घरातलं कशाला चव्हाट्यावर मांडतेस?" ती म्हणाली, "आई, यात लपवण्यासारखं काय आहे?" मला उत्तर देता आलं नाही. मळलेली कणीक तशीच ठेवून मी तिला तो पहिल्यापासून परत वाचायला लावला.

ऑक्टोबरच्या मध्यात ती फायनलिस्ट झाल्याचं कळलं. खरी कसोटी तिथून पुढे होती. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडला पसंतीक्रम भरतात, तसा इथे जास्तीत जास्त 15 कॉलेजांचा क्रम द्यायचा. कुणाला कितवा नंबर दिलाय ते कॉलेजांना दिसत नाही. दोन-तीन कॉलेजांना मूल हवं असलं, तर त्यातलं यादीत सगळ्यात वर असेल तेच मिळतं. आणि प्रिन्स्टनसारखी मोजकी ठिकाणं सोडली तर मिळालेलं कॉलेज बांधून टाकतं, मागे फिरता येत नाही. मुलीची, पालकांची आणि काउन्सेलरची सही लागते. सही करण्याआधी आम्ही तीन रात्री बोलत बसलो. ह्यांना प्रिन्स्टन पहिलं हवं होतं, एडिसनहून लोकलने जाण्यासारखं. तिला पेनसिल्व्हेनियातलं स्वार्थमोर कॉलेज सगळ्यात वर हवं होतं, आणि आयोवातलं ग्रिनेल कॉलेजही यादीत. आयोवा नकाशावर बघून माझ्या पोटात गोळा आला. पण नंतर पाठवायचं नाही असं ठरवायचं असेल, तर ते नाव आत्ताच यादीतून काढायला हवं, हे ह्यांनीच मला शांतपणे समजावलं. ग्रिनेल यादीत राहिलं. मी सही केली.

मग कागद. कॉलेजकडे आर्थिक मदत मागताना भरायच्या सीएसएस प्रोफाइल नावाच्या फॉर्ममध्ये घरातली पै न् पै विचारतात. ह्यांचा डब्ल्यू-2, म्हणजे वर्षाच्या पगाराचा दाखला, सरळ होता. डब्यांचे पैसे रोख येतात, पण मी पहिल्या वर्षापासून वहीत टिपून ठेवलेले आणि टॅक्समध्ये दाखवलेले, त्यामुळे तिथेही अडलं नाही. अडलं ते देशाबाहेरच्या मालमत्तेपाशी. गावाकडे सासऱ्यांच्या नावची जमीन आहे, त्यांच्यामागे सात वारसांची नावं लागलीत, त्यात ह्यांचंही. वाटप झालेलं नाही, एक गुंठाही आमच्या हातात नाही. ओळखीतल्या एकांनी सांगितलं, "लिहूच नका, त्यांना कुठे कळतंय." मला ते पटलं नाही. लेकीच्या चार वर्षांच्या शिक्षणाच्या पायाखाली खोटं नको, असं मी ह्यांना स्पष्ट सांगितलं.

मोठ्या दिरांनी 15 रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला आणि व्हॉट्सॲपवर पाठवला. आता "सामाईक क्षेत्र" म्हणजे काय, हे अमेरिकेतल्या माणसाला कसं सांगायचं? लेकीने रेडीरेकनरचा दर घेऊन अख्ख्या जमिनीची किंमत काढली, सातने भागली, डॉलरमध्ये मांडली. खाली चार ओळी लिहिल्या: जमीन सात जणांत अविभक्त आहे, वाटप झाल्याशिवाय आमचा हिस्सा वेगळा काढून विकता येत नाही, तिच्यापासून आम्हाला उत्पन्न नाही. सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर जोडलं. एका कॉलेजने फोन करून विचारलं, तेव्हा तिने त्याच चार ओळी वाचून दाखवल्या आणि त्यांना पटलं. परक्या देशात शिकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना मी हेच कळकळीने सांगते: गावाकडची जमीन, घराचा हिस्सा लपवू नका, समजावून सांगा.

1 डिसेंबर 2023, शुक्रवार. ती शाळेतून आली, बॅग न काढताच तिने लॅपटॉप उघडला. जुळलं नव्हतं. त्या वर्षी 6,683 फायनलिस्टांतून 2,242 मुलांचं जुळलं, म्हणजे तिघांत एक. हे आकडे नंतर वाचले. त्या संध्याकाळी ती तिच्या खोलीत आणि मी ओट्यापाशी, दोघी आपापल्या जागी रडलो. डबे मात्र वेळेवर गेले.

फायनलिस्टांना तोच अर्ज नेहमीच्या प्रवेशफेरीसाठी या कॉलेजांकडे फी न भरता पाठवता येतो. हे तिला ठाऊक होतं, मला नव्हतं. रविवारी सकाळी ती परत टेबलापाशी बसली. त्या वर्षी सरकारी मदतीचा फाफ्सा फॉर्म नव्याने बनवला होता, एरवी ऑक्टोबरात उघडतो तो डिसेंबरच्या शेवटी उघडला, त्यामुळे नाताळची सुट्टी त्यातच गेली. मार्चमध्ये पत्र आलं: व्हासार कॉलेज, पकिप्सी, न्यूयॉर्क. बहुतेक सगळा खर्च अनुदानातून, थोडे पैसे आम्ही द्यायचे आणि थोडे तिने कॅम्पसवर काम करून मिळवायचे.

पकिप्सी म्हटल्यावर मी दचकलेच. आनंदीबाई जोशींच्या अस्थी तिथल्या दफनभूमीत आहेत. 1883 मध्ये त्या आल्या, त्या आमच्याच न्यू जर्सीत रोझेलला कार्पेंटरबाईंच्या घरी. डॉक्टर होऊन परतल्या आणि 1887 मध्ये पुण्यात गेल्या. अस्थी कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ठेवल्या गेल्या. ऑगस्टमध्ये लेकीला सोडायला गेलो तेव्हा सामान उतरवून आधी तिथे गेलो. लहानसा दगड. शिक्षणासाठी भारताबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री, असं त्यावर इंग्रजीत कोरलंय. लेकीने तळहाताने त्यावरची पानं बाजूला सारली. मी घरून नेलेला हळदीकुंकवाचा करंडा काढला, दगडाला बोट लावलं. ह्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

मदत दरवर्षी नव्याने मागावी लागते, कागदही दरवर्षी नव्याने. वाटप अजून झालेलं नाही. यंदाचा सातबारा दिरांनी परवाच पाठवलाय.