पंखा पाचवर, वारा दोनचा

आजचा रविवार हॉलच्या पंख्याने खाल्ला. रेग्युलेटर पाचवर, पण पातीन् पाती मोजता येत होती. अशा वेळी लोक थेट नवा पंखा आणतात, याचं फार वाईट वाटतं. दोष बहुतेकदा कपॅसिटरचा, म्हणजे मोटरला जोर देणाऱ्या छोट्या भागाचा असतो.

आधी पंखा बंद करून पाती हाताने फिरवा. घरघर आली किंवा अडकली तर बेअरिंग गेलं. मोकळी फिरतात, पण चालू केल्यावर पंखा नुसता गुणगुणतो किंवा रखडत सुटतो, तर कपॅसिटर. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्याची क्षमता उतरते आणि मोटरला जोर मिळत नाही.

नुसतं बटण बंद करून वर चढू नका, एमसीबी (वीज तोडणारा बोर्डावरचा खटका) पाडा. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधीकधी न्यूट्रलवर (परतीच्या वायरवर) असतं, म्हणजे पंखा बंद आणि वायर जिवंत! कपॅसिटर दांड्याच्या वाटीत सापडतो. वाटीचा स्क्रू गंजलेला असतोच. तेलाचा थेंब सोडून थोडं थांबा, घाईत खाच झिजते. मग कपॅसिटरची सुटी टोकं इन्सुलेटेड पेचकसाने जोडून उरलेला चार्ज काढा.

नवा घेताना जुन्यावरचा आकडा बघा, बऱ्याच पंख्यांना २.५ मायक्रोफॅरड. दुकानदार ‘मोठा लावा, वारा वाढेल’ म्हणाला तरी ऐकू नका, मोटरचं वाइंडिंग (तारांची गुंडाळी) तापतं. दोन्ही वायरी कशाही जोडल्या तरी चालतात, फक्त जोड घट्ट हवा.

आणि वर चढलाच आहात, तर दांड्याच्या बोल्टमधली स्प्लिट पिन (बोल्ट निसटू न देणारी दुपाखी पिन) तपासा. ती नसेल तर पंखा चालू करू नका.