आत्याबाईंची कढई आणि बाभळीची शाई

मला शाई करायचीच नव्हती. एका जुन्या पांढऱ्या सुती साडीला तपकिरी रंग द्यायचा होता, तोही फुकटात. सेलूजवळच्या आमच्या शेतात बांधावर बाभळी आहेत. चैत्र संपत आला की शेळ्या राखणारी पोरं आकडीनं शेंगा पाडतात. शेळ्यांनी खाऊन उरलेल्या, वाळून काळपट झालेल्या शेंगा मी पिशवीभर वेचून आणल्या. बाभळीच्या सालीनं कातडं कमावतात, एवढं माहीत होतं. जे कातड्याला धरतं ते कापडाला का धरणार नाही, इतकंच माझं शास्त्र.

स्टीलचं पातेलं लहान पडलं म्हणून आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, लोखंडी कढई घेतली. तासाभरानं बघते तर पाणी डांबरासारखं काळं. साडीचा कोपरा बुडवला, तो राखेच्या रंगाचा होऊन बाहेर आला.

"काय करायलीस गं बाई हे? त्या कढईत उद्या वांगी करायचीत मला."

चिंच लावून घासली, राखेनं घासली. वर्षानुवर्षं तेल पिऊन गुळगुळीत झालेली कढई कोरडी खरखरीत झाली आणि पुढचे आठ दिवस भाजीला लोखंडाची चव येत राहिली. शेवटी बाजारातून नवी कढई आणून दिली. जुनी माझ्या वाट्याला आली ती अशी.

शेंगांमधल्या तुरट द्रव्याला, म्हणजे टॅनिनला, लोखंड भेटलं की काळा रंग तयार होतो. युरोपात शेकडो वर्षं टॅनिनवालं माजूफळ आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, मिसळून याच तत्त्वावर शाई करत होते. आपल्याकडच्या जुन्या पोथ्यांमध्ये बऱ्याचदा काजळाची शाई असते. अजिंठ्याच्या भिंतींवरचा काळा रंगही काजळीचाच. ती मीही करून पाहिली. दिव्यावर ताटली उपडी धरून काजळी जमवली आणि डिंकाच्या पाण्यात खलली. दिसते सुंदर, पण कागदावर नुसती बसून राहते, ओलं बोट फिरवलं की निघते. लोखंडी शाई कागदात मुरते. मला तीच हवी होती.

आता रीतसर सुरुवात केली. वखराची झिजलेली पास, म्हणजे त्याचं लोखंडी पातं, मूठभर गंजके खिळे, अर्धा लिटर पाणी आणि गुळाचा लिंबाएवढा खडा, असं सगळं काचेच्या बरणीत घालून वर फडकं बांधलं. झाकण घट्ट लावायचं नाही, आंबताना वायू सुटतो. पंधरा दिवसांत वर फेस आला आणि असा वास सुटला की बरणी गोठ्यात हलवावी लागली. दुसरीकडे पाव किलो शेंगा बिया काढून ठेचल्या, लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवल्या आणि या वेळी स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर पाणी पावशेर उरेपर्यंत उकळल्या. दोनदा गाळल्या. त्यात लोखंडाचं पाणी चमच्याचमच्यानं घातलं, काळं होईपर्यंत. बाभळीच्याच खोडावरचा डिंक कोमट पाण्यात विरघळवून घातला, म्हणजे शाई कागदावर पसरत नाही. दोन लवंगा टाकल्या, नाहीतर चार दिवसांत बुरशीची साय धरते. हे पहिली बाटली फेकून दिल्यावर कळलं.

दुसरी बाटली तीन दिवसांत फाटली. फाटली म्हणजे दुधासारखी. वर पिवळट पाणी, खाली काळा गाळ. डिंक वाढवला, पुन्हा गाळली, पुन्हा तेच. आठवडाभर मी शेंगांना दोष देत होते.

दोष बोअरच्या पाण्याचा निघाला. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की चहाच्या पातेल्याला पांढरं किटण धरतं आणि डाळ लवकर शिजत नाही. भाजीपुरतं हे आम्हाला पाठ आहे, पण शाईच्या वेळी डोक्यातच आलं नाही. मग घरी येणाऱ्या जारचं पाणी घेऊन केलं आणि बाटली महिनाभर एकसारखी राहिली. पण वीस लिटरचा जार विकत घेऊन त्यात शेंगा उकळायच्या, हे आत्याबाईंसमोर फार दिवस चालणार नव्हतं. मृगाचा पाऊस झाल्यावर पत्र्याच्या पन्हाळीखाली पिंप लावलं. पहिला पाऊस जाऊ द्यायचा, त्यात पत्र्यावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण येते. नंतरचं पाणी जाड फडक्यातून गाळून साठवलं.

बोरू नदीकाठून आणून तासला. फाउंटन पेनमध्ये ही शाई घालू नका, गाळानं पेन बसतं. माझं एक बसलं. लिहिताना अक्षर फिकट, पावसाळी ढगासारखं उमटतं. पहिल्यांदा मी हिरमुसून वही मिटली. सकाळी उघडली तर तीच ओळ काळी कुळकुळीत. हवा लागली की लोखंडाचा रंग पुढे सरकतो, म्हणून ही शाई लिहिल्यावर तयार होते. मला या सगळ्या खटाटोपात सर्वात आवडलेली गोष्ट ही. लोखंड जास्त पडलं तर मात्र काही महिन्यांत अक्षराभोवती तपकिरी वलय धरतं आणि पुढे कागदच ठिसूळ होतो. माझ्या पहिल्या वहीत वलयं आहेत, दुसरीत नाहीत.

होळीच्या सुमारास पळस घेतला तेव्हा मात्र मी शहाणी झाले होते. एक मूठ फुलं बोअरच्या पाण्यात उकळली, एक पावसाच्या. पहिलं नारिंगी झालं, दुसरं पिवळं. पळसाचा रंग खारात गडद होतो. आमच्या जड पाण्यात खार असतो, म्हणून इथे ते फायद्याचं ठरलं. कापडाला आधी तुरटीच्या पाण्यातून काढायला हवं, एवढं सोडलं तर पळस सोपा.

अवघड निघाली ती करडी. आमच्याकडे करडी म्हणजे तेल, आणि कोवळी असताना भाजी. 'कुसुंबी' हा रंग करडीच्या फुलाचा, कारण कुसुंब म्हणजेच करडी, हे तीस वर्षं करडीच्या वाफ्यात वावरूनही मला माहीत नव्हतं. लाल रंग ताज्या पिवळ्या पाकळीत कमी असतो, कोमेजून केशरी झालेलीत जास्त. काट्यांसाठी हातांत जुने मोजे घालून पाकळ्या ओढल्या, शंभर ग्रॅम जमायला दोन दुपारी गेल्या. आधी त्यांतला पिवळा रंग थंड पाण्यानं धुऊन काढावा लागतो. घाई म्हणून मी गरम पाणी ओतलं आणि सगळं चहासारखं झालं, लाल रंगाला उष्णता सोसत नाही. पुन्हा मोजे, पुन्हा दोन दुपारी. दुसऱ्यांदा पाकळ्यांची पुरचुंडी बादलीमागून बादली धुतली. पिवळं पाणी कढीपत्त्याला घातलं, कारण फेब्रुवारीत पाणी ओतून देणाऱ्या सुनेबद्दल गल्लीत चर्चा होते. पाणी नितळ आल्यावर पाकळ्या पापडखाराच्या पाण्यात चुरल्या. गढूळ लालसर पाणी निघालं. त्यात लिंबू पिळलं की ते फसफसतं, आणि त्याच वेळी सुती रुमाल बुडवायचा. उरलासुरला पिवळा सुताला धरत नाही, लाल धरतो. मी दोन रुमाल बुडवले, अर्ध्या तासात दोन्ही गुलाबी झाले, लग्नातल्या गुलाबपाकळीसारखे.

आत्याबाई शेजारीच पाटावर बसून बघत होत्या. "हे तुमच्या करडीचं आहे," मी म्हटलं. त्यांनी रुमाल हातात घेऊन हुंगला.

"वास तर लिंबाचा येतोय," म्हणाल्या, पण एक रुमाल ठेवून घेतला आणि पेटीत पैठणीच्या घडीत घातला. माझा मी कौतुकानं अंगणातल्या दोरीवर टाकला होता. अक्षयतृतीयेपर्यंत तो उन्हानं पांढरट झाला.